चौथी डिस्क घेण्याआधी

पत्र : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरीचा छोटा कारखाना आहे. जॅकार्डची डिझाइनं आणि टॅलीवरचे हिशेब मी बघते. लॅपटॉप सात वर्षांचा आहे. गेल्या दीड वर्षात त्यातल्या तीन डिस्क गेल्या. मूळची हार्डडिस्क टिकटिक आवाज करत बंद पडली. मग एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपची डिस्क) बसवली, ती पाच महिन्यांनी एका सकाळी दिसेनाशीच झाली, आदल्या रात्री लाइट गेली होती. तिसरी, तीही एसएसडी, चार महिने चालली. आता कधी दिसते, कधी ‘बूट डिव्हाइस नाही’ असं येतं. भाच्यानं ती काढून त्याच्या कॉम्प्युटरला लावली तर संध्याकाळभर नीट चालली. बॅटरी केव्हाच मेली आहे, चार्जर लावूनच काम करते. टेबल लूमच्या भिंतीला लागून आहे, लूम सुरू असताना त्यावरचा चहाचा कपही थरथरतो. दुकानदार म्हणतात, जास्त वापरानं झिजतात, चौथी टाका नाहीतर नवीन लॅपटॉप घ्या. पहिल्या डिस्कवर सासऱ्यांच्या जुन्या नक्ष्यांचे स्कॅन होते, ते गेलेच. घरात म्हणतात, हिच्या हाताला यश नाही. माझं काय चुकतंय?

ताई,

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांपासून सुरुवात करतो, कारण ती वाचून मला खरंच वाईट वाटलं. आपण कुणाच्या हातात आहोत हे डिस्कला कळत नाही. तिला कळते ती मिळणारी वीज, केबलमधून येणारा-जाणारा डेटा, तापमान आणि धक्के. यातल्या बऱ्याच गोष्टींची नोंद ती स्वतःच्या पोटात ठेवत असते. म्हणजे दोष कुणाचा हे घरातल्या कुणी ठरवायची गरजच नाही, थेट डिस्कलाच विचारता येतं. आजवर तीन डिस्क बदलल्या, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही. माझ्या मते चुकलं असेल तर ते इथं, आणि ती चूक तुमची नाही.

चौथी डिस्क सध्या घेऊ नका. नवीन लॅपटॉपही नको.

एखाद्या लूमवर एकाच जागी ताण्याचा धागा परत परत तुटायला लागला तर तुमचा जॉबर, म्हणजे लूमची दुरुस्ती बघणारा माणूस, काय करतो? पहिल्यांदा गाठ मारतो, दुसऱ्यांदाही गाठ मारतो. तिसऱ्यांदा तो सुताला बोल लावत बसत नाही, फणीच्या त्या दातावर बोट फिरवून बघतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये तीनदा नवा धागा ओवला, फणी कुणी बघितलीच नाही. तिन्ही वेळा न बदललेलं काय होतं? डिस्कला बोर्डाशी जोडणारी केबल, बोर्डावरून डिस्कला येणारी वीज, मेलेली बॅटरी, चार्जर, आणि लूमच्या भिंतीला लागून असलेलं ते टेबल. संशय आधी यांच्यावर घ्यायचा.

पण तपासाच्या आधी डेटा. तिसरी डिस्क भाच्याच्या कॉम्प्युटरवर चालते आहे ना? मग आजच ती पुन्हा तिथं लावा आणि सगळं उतरवून घ्या. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीतच कंपनी निवडताना दिसतं. आत नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं असतात. भाच्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती त्याला कचरा वाटतील आणि नेमका वर्षाचा हिशेब मागं राहील. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावल्यावर ४८ आकड्यांची की मागितली तर घाबरू नका. ते बिटलॉकर आहे, आणि लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केला होता त्या खात्यात ती की बहुतेक वेळा जमा असते. उतरवून होईपर्यंत ‘दुरुस्त करू का’ असं विंडोजनं विचारलं तरी नाही म्हणा. चेकडिस्क, फॉरमॅट, काहीही नको. एसएसडी एकदा फॉरमॅट झाली की विंडोज तिला ‘या जागा आता रिकाम्या’ असं कळवतं आणि ती त्या खरोखर पुसून टाकते. जुन्या हार्डडिस्कमधून फॉरमॅटनंतरही बरंच परत मिळायचं, एसएसडीत तो भरवसा धरता येत नाही.

आता तपास. भाच्याची ती संध्याकाळ तुम्ही पत्रात सहज एका ओळीत लिहून टाकलीत. माझ्यासाठी पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तीच. तुमच्या लॅपटॉपमध्ये मेलेली डिस्क दुसरीकडे तासन्‌तास चालते, म्हणजे ती मेलेली नाही. निदान तिच्या बाबतीत तरी आजार डिस्कमध्ये नसून वाटेत आहे.

हे पक्कं करायचं तर भाच्याच्या कॉम्प्युटरवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कच्या पोटातल्या नोंदी दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाका. वर ठळक अक्षरात ‘गुड’ किंवा ‘कॉशन’ असं येईल. तेवढं बघून थांबू नका. गुगलनं २००७ साली आपल्या १ लाखाहून जास्त हार्डडिस्कचा अभ्यास जाहीर केला होता. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी सर्वांत भरवशाच्या चार नोंदींपैकी एकीतही आधी काही दाखवलं नव्हतं. म्हणून ‘गुड’ला फार महत्त्व नाही, पण खालच्या तक्त्यात काही आकडे आले असतील तर त्यांना फार महत्त्व आहे. ते आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमल म्हणजे सोळाच्या पायाच्या पद्धतीत दिसतात. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथं १० चा पर्याय निवडला की आपले नेहमीचे आकडे दिसतात.

तक्त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. पहिली सांगते किती जागा खराब म्हणून बाजूला टाकल्या, दुसरी सांगते किती जागा संशयित आहेत, तिसरी सांगते किती जागा वाचताच आल्या नाहीत. हार्डडिस्कवर हे आकडे वाढत असतील तर डिस्क स्वतः आजारी आहे, तिथं वाद नाही. एसएसडीवर प्रत्येक कंपनीची नावं थोडी वेगळी असतात, पण अर्थ साधारण हाच.

मग सी७ ची ओळ बघा, दशमानात १९९ क्रमांक. तिचं नाव सीआरसी एरर काउंट. डेटाचा प्रत्येक गठ्ठा केबलमधून जाताना सोबत बेरजेची एक चिठ्ठी घेऊन जातो. पलीकडे गठ्ठा मोजला आणि बेरीज जुळली नाही तर तो परत मागवला जातो आणि या ओळीत एक आकडा वाढतो. तुम्ही गाठोड्यावर चादरींची संख्या लिहून पाठवता आणि घेणारा उतरवताना मोजून घेतो, तसंच. संख्या कमी भरली तर चादर विणण्यात दोष नसतो, दोष प्रवासात असतो. ही ओळ वाढत असेल तर केबल, तिचं टोक किंवा बोर्डावरचा सॉकेट यांपैकी काहीतरी बिघडलं आहे.

पण हा आकडा कधी कमी होत नाही. जुना दोष दुरुस्त झाला तरी आकडा तिथंच उभा राहतो. म्हणून एकदा बघून निकाल देऊ नका. आज वहीत लिहून ठेवा, डिस्क पुन्हा लॅपटॉपमध्ये लावून दोन दिवस वापरा, परत बघा. लॅपटॉपमध्ये वाढला आणि भाच्याकडे वाढला नाही, तर आणखी पुरावा कशाला हवा?

या केबलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हिच्यापायी मी एका माणसाचे पैसे वाया घालवले आहेत. अडीच इंची डिस्क बसणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये एक पातळ, चपटी, कागदासारखी पट्टी असते. ती घडी घालून बसवलेली असते. वर्षानुवर्षं उष्णतेनं ती कडक होते, घडीच्या जागी आतली तार तडकते, आणि तडकलेली तार कधी जुळते, कधी सुटते. लॅपटॉप गार असताना चालतो, तापला की डिस्क गायब. उचलून ठेवला की परत दिसते. मी दुरुस्तीचं टेबल मांडून होतो तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातले एक गृहस्थ असाच लॅपटॉप घेऊन आले. घराच्या पुढच्या खोलीत लूम, मागच्या खोलीत संसार, आणि मधल्या दारात लॅपटॉपचं टेबल. मी डिस्क बदलली. तीन महिन्यांनी ते परत आले, मी पुन्हा डिस्क बदलली. तिसऱ्या वेळी त्यांनी काही न बोलता लॅपटॉप समोर ठेवला आणि मग कुठं मी ती पट्टी उजेडात धरली. घडीवर केसाएवढी भेग होती. आधीच्या दोन्ही डिस्क मी त्यांना परत केल्या, त्या चांगल्या होत्या. त्यानंतर दुसरी डिस्क मागायला आलेल्या कुणालाही मी आधी केबल न बघता डिस्क दिली नाही. ही माझ्या एकट्याची गोष्टही नाही. १३ इंची, २०१२ च्या मॅकबुक प्रोची हीच पट्टी दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध होती. लोक डिस्क बदलत राहायचे आणि दोष निघायचा पट्टीत.

तुमच्या तिसऱ्या डिस्कबद्दल माझा पहिला संशय म्हणूनच या पट्टीवर आहे. डिस्कच्या मानानं तिची किंमत किरकोळ असते. मॉडेल नंबरावरून ती मागवता येते. नवी येईपर्यंत तंत्रज्ञाकडून जुनी काढून, टोकं स्वच्छ करून पुन्हा नीट बसवून घ्या. तुमच्याकडं सुताचे तंतू सगळीकडे उडत असतात, ते सॉकेटमध्येही जाऊन बसतात. लॅपटॉपमध्ये एम.२ चा मोकळा सॉकेट असेल तर फारच बरं, कारण तिथं डिस्क थेट बोर्डात बसते आणि मध्ये पट्टीच नसते. फक्त त्या सॉकेटला सॅटा प्रकारची एसएसडी चालते की एनव्हीएमई, हे आधी विचारून घ्या. डेटा नेण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत, पण दोन्ही एसएसडी दिसायला जवळजवळ सारख्याच असतात.

दुसऱ्या डिस्कची गोष्ट मला वेगळी वाटते. रात्री लाइट गेली, सकाळी डिस्क दिसेना. बॅटरी मेलेली. इथं पट्टीपेक्षा विजेवर संशय जातो. एसएसडीत तुमची फाइल आत नेमकी कुठं ठेवली आहे याचा एक नकाशा असतो आणि तो सारखा बदलत असतो. तो लिहिला जात असताना वीज गेली तर नकाशा अर्धवट राहतो. मग डिस्क सुरू होते, पण आपण कोण आणि आपल्यात काय आहे हे तिलाच सांगता येत नाही. सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडीत अशा वेळी काही क्षण तग धरायला थोडी वीज साठवणारे कपॅसिटर असतात, घरगुती एसएसडीत बहुधा नसतात. लॅपटॉपला चांगली बॅटरी असेल तर लाइट गेल्याचं डिस्कला कळतही नाही. तुमच्याकडं मात्र प्रत्येक वेळी लाइट गेली की थेट डिस्कच्या तोंडातला घास जातो. आणि एमआयडीसीत उन्हाळ्यात, वळवाच्या पावसात लाइट किती वेळा जाते ते मी तुम्हाला काय सांगू?

याचीही नोंद डिस्कमध्ये असते. कंपनीप्रमाणे तिचं नाव अनसेफ शटडाउन, अनएक्स्पेक्टेड पॉवर लॉस किंवा पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट असं काहीतरी दिसेल. तिसऱ्या डिस्कवर ती ओळ शोधा आणि पॉवर ऑन काउंटशी ताडून बघा. समजा डिस्क २०० वेळा सुरू झाली आणि त्यातली १५० वेळा अचानक बंद पडली असं निघालं, तर दुसऱ्या डिस्कचं काय झालं असेल हे तिसरीच सांगेल.

दुसरी डिस्क टाकून दिली नसेल तर एक उपाय करून बघा. वीज अचानक गेल्यानं गोंधळलेली एसएसडी कधी कधी नुसती वीज देऊन स्वस्थ ठेवली तर आपला नकाशा पुन्हा जुळवून घेते. ती लॅपटॉपमध्ये लावा, सुरू करून थेट बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, पडद्यावर जा आणि वीस मिनिटं काही न करता तशीच ठेवा. बंद करून अर्धा मिनिट थांबा. पुन्हा वीस मिनिटं. मग भाच्याकडं लावून बघा. दरवेळी जमतं असं नाही, पण यात गमवायचं काही नाही, आणि मी स्वतः अशा डिस्क जाग्या झालेल्या पाहिल्या आहेत. जागी झाली तर आधी डेटा उतरवा, मग आनंद करा. वॉरंटीत असेल तर नंतर कंपनीकडून बदलून मागा.

पहिली हार्डडिस्क मात्र मला खरोखरच गेलेली वाटते. टिकटिक म्हणजे आतलं हेड आपली जागा शोधतं आहे, त्याला ती सापडत नाही, ते परत मूळ जागी येतं आणि पुन्हा शोधतं. साडेपाच वर्षांची फिरती डिस्क, आणि ती लूमच्या खडखडाटाशेजारी. हार्डडिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. २००८ साली ब्रेंडन ग्रेग या अभियंत्यानं चालू डिस्कच्या रॅकसमोर उभं राहून नुसती आरोळी मारली आणि डिस्कचं काम त्या क्षणी अडखळल्याचं आलेखावर दाखवून दिलं. आरोळीनं एवढं होत असेल तर ज्या टेबलावरचा चहाचा कप लूम सुरू असताना थरथरतो, तिथं काय होत असेल? एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिला या थरथरीचा थेट त्रास नाही, पण सैल झालेल्या जोडणीला तो होतो. टेबल भिंतीपासून हातभर लांब घ्या आणि पायांखाली रबराचे तुकडे ठेवा.

म्हणजे माझा अंदाज असा : तीन डिस्क, तीन वेगळी कारणं. पहिली वयानं आणि थरथरीनं, दुसरी विजेनं, तिसरी बहुधा पट्टीमुळे, आणि तिसरी जिवंत आहे. अंदाज म्हणतोय, कारण लॅपटॉप माझ्यासमोर नाही. वहीतले आकडे याच्या उलट गेले तर आकड्यांचं ऐका, माझं नको.

दुकानदारांच्या ‘जास्त वापरानं झिजली’ या म्हणण्याचा हिशेब तुम्हीच करा, तुम्ही हिशेबातल्या आहात. ५०० जीबीच्या चांगल्या सॅटा एसएसडीला कंपनी साधारण ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. तुम्ही रोज ४० जीबी लिहिता असं धरू, जे डिझाइनं आणि टॅलीसाठी फारच जास्त आहे. वर्षाचे झाले १४.६ टेराबाइट, म्हणजे ३०० व्हायला वीस वर्षं. हमी निम्मी धरली तरी दहा. पाच महिन्यांत झिजायचं म्हटलं तरी जमणार नाही.

मग पाच महिन्यांत जाते ती का, याला आणखी एक उत्तर असू शकतं, आणि ते लिहिताना मला कुणावर आरोप करायचा नाही. बाजारात नव्या म्हणून विकलेल्या जुन्या किंवा बनावट डिस्क असतात. तिसऱ्या डिस्कचे पॉवर ऑन अवर्स बघा. चार महिने, रोज दहा तास धरले तर १,२०० च्या आसपास यायला हवेत. तिथं ८,००० दिसले तर ती तुमच्याकडं येण्याआधी दुसरीकडं राबून आली आहे. पुढं कधी डिस्क घ्याल तेव्हा बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा, आणि पहिल्याच दिवशी अवर्स बघा. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्क काठोकाठ भरून परत वाचतं. ५०० जीबी म्हणून १२० दिली असेल तर ते तिथं उघडं पडतं.

उन्हाचं विचाराल, तर सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. तरी नुसत्या उन्हानं चार महिन्यांत डिस्क जाईल असं मला वाटत नाही. हार्डडिस्कला साधारण ६० अंशांपर्यंत आणि एसएसडीला ७० पर्यंत चालण्याची परवानगी असते. तापमान त्याच तक्त्यात दिसतं. लूम चालू असताना दुपारी तीनला एकदा बघून लिहून ठेवा. ५५ च्या वर असेल तर पंख्याच्या जाळीमागं सुताचा पुंजका नक्की बसलेला असणार, खोलून साफ करून घ्या. आणि लॅपटॉप चादरीच्या घडीवर ठेवून काम करत असाल तर ते बंद करा. आपली चादर ऊब धरून ठेवण्यासाठीच विणलेली असते.

आता विजेचं काम, ते टाळू नका. सगळ्यात आधी नवी बॅटरी. इन्व्हर्टर, यूपीएस यांच्या आधी, कारण चांगली बॅटरी हाच लॅपटॉपचा यूपीएस आहे. फुगलेली बॅटरी असेल तर ती आजच काढून टाका, दाबून बसवू नका. चार्जर मूळ कंपनीचा आहे का बघा. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, आणि लूमच्या मोटारी ज्या लाइनवर आहेत तिच्यावरून लॅपटॉप काढून घ्या. मोटार सुरू होताना लाइट क्षणभर मंद होते ना, तो झटका लॅपटॉपलाही बसतो.

तंत्रज्ञाकडं गेलात तर ‘डिस्क खराब झाली’ असं सांगू नका. असं सांगा : “पट्टी बदला, आणि डिस्कच्या जागी येणारे ५ व्होल्ट मीटर लावून मला दाखवा.” अडीच इंची डिस्क बोर्डावरून येणाऱ्या ५ व्होल्टवर चालते. तो आकडा ४.७५ ते ५.२५ च्या आत आणि स्थिर हवा. तो खालीवर नाचत असेल तर दोष बोर्डात आहे आणि त्या बोर्डावर कितीही डिस्क चढवल्या तरी त्या जाणारच. नवीन लॅपटॉप घ्यायची वेळ आली असं मी फक्त त्या एका परिस्थितीत म्हणेन. मोजून दाखवायला तयार नसेल अशा ठिकाणी लॅपटॉप सोडून येऊ नका. नवी पेठेत मोजून दाखवणारे कारागीर आहेत, जरा फिरावं लागेल.

एक-दोन शक्यता घाईत सांगून ठेवतो. ‘बूट डिव्हाइस नाही’ येतं त्याच दिवशी लॅपटॉपची तारीखही जुन्या सालावर गेलेली दिसली, तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. त्यामुळं बायोसची सेटिंगं पुसली जातात आणि धडधाकट डिस्कही सापडत नाही. फाइली दिसतात पण उघडल्यावर नक्षी फाटल्यासारखी दिसत असेल तर रॅम तपासा, मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवा. आणि क्वचित दोष डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. क्रुशियलची एम४ ही एसएसडी ५,१८४ तास चालून झाली की प्रतिसाद देणं बंद करायची, २०१२ च्या जानेवारीत कंपनीनं नवं फर्मवेअर दिलं आणि प्रश्न मिटला. डेटा उतरवून झाल्यावर कंपनीच्या साइटवरून फर्मवेअर ताजं करून घ्या.

सगळं एकाच दिवशी बदलू नका. हे तुम्हाला नको वाटेल, कामं खोळंबली आहेत हे मला कळतंय. पण पट्टी, बॅटरी आणि चार्जर एकदम बदलले आणि लॅपटॉप चालू लागला, तर कशानं चालला ते कळणार नाही आणि सहा महिन्यांनी आपण पुन्हा इथंच उभे असू. बॅटरी तर हवीच, तिच्यापासून सुरुवात करा, आठवडाभर चालवा. मग पट्टी. दर वेळी सी७ चा आकडा आणि तारीख वहीत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या यादीतही नोंदी असतात. तिथं ‘डिस्क’च्या नावानं ७ नंबर दिसला तर डिस्कवरची जागा खराब, १२९ किंवा १५३ दिसला तर डिस्ककडून उत्तर यायला वेळ लागतोय, आणि कर्नल-पॉवरच्या नावानं ४१ दिसला तर लॅपटॉप नीट बंद न होता गेला. भाचा हे सगळं अर्ध्या तासात शिकेल. ज्यानं डिस्क काढून दुसरीकडं लावून बघायचं डोकं चालवलं, त्याला या कामाची नजर आहे.

या पंधरा दिवसांत तिसऱ्या डिस्कवर एकही अशी फाइल ठेवू नका जिची दुसरी प्रत नाही. आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी टॅली आणि डिझाइनं बाहेरच्या डिस्कवर उतरवा, आणि ती डिस्क कारखान्यात न ठेवता घरी न्या. आणखी एक प्रत इंटरनेटवरच्या खात्यात.

राहिली पहिली डिस्क आणि तिच्यावरचे सासऱ्यांच्या नक्ष्यांचे स्कॅन. ती पुन्हा लावून बघू नका, एकदाही नको. टिकटिकणारी डिस्क प्रत्येक वेळी सुरू केली की हेड तबकडी खरवडण्याचा धोका वाढतो. फ्रिजमध्ये ठेवण्याचे उपायही करू नका. ती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पुण्या-मुंबईला डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथं धूळविरहित खोलीत डिस्क उघडतात. काम खर्चाचं असतं, म्हणून आधी लेखी अंदाज घ्या आणि ‘डेटा मिळाला नाही तर पैसे किती’ हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

पण त्याआधी घरात एक गोष्ट विचारा. त्या पिढीच्या कारागिरांनी जॅकार्डच्या नक्ष्या आलेखाच्या कागदावर, एकेक चौकोन रंगवून काढल्या आहेत. तुमच्याकडं स्कॅन होते म्हणजे मूळ कागद कधीतरी होते. सासूबाईंना विचारा, जुन्या ट्रंकेत, पोटमाळ्यावर, पंच कार्डांच्या गठ्ठ्यांखाली बघा. सापडले तर एकेक कागद दिवसाच्या उजेडात सपाट पसरून मोबाइलनं फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी भाच्याकडंही पाठवा.